वॉरंटी संपली म्हणून चुकीच्या दुरुस्तीचा भुर्दंड ग्राहकानेच का सोसावा?

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

मोटारीची वॉरंटी संपल्यानंतरचा खर्च मालकाने करायचा असतो, याबद्दल माझी तक्रार नाही. क्लच प्लेट झिजते, बुश जातात, उन्हाळाभर पंचेचाळीस अंशांत उभ्या राहणाऱ्या गाडीची बॅटरी लवकर मान टाकते. काळ्या जमिनीवरच्या, पहिल्याच पावसात खचणाऱ्या रस्त्यांवरून रोज ये-जा करणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातील माणसाला हे कोणी समजावून सांगायला नको. माझा प्रश्न एवढाच आहे की, दोष नीट न ओळखता गाडीचा एखादा भाग बदलला आणि दोष तसाच राहिला, तर त्या भागाचे पैसे कोणी द्यायचे?

मी दारव्हा तालुक्यातील शेतकरी आहे. २०२२ च्या अक्षय्य तृतीयेला घेतलेल्या आमच्या डिझेल गाडीची तीन वर्षांची वॉरंटी मे २०२५ मध्ये संपली आणि पोळ्याच्या आठवड्यात समोरच्या पॅनेलवर पिवळा दिवा लागून गाडीचा जोर एकाएकी कमी झाला. अधिकृत सर्व्हिस सेंटर अमरावतीला, म्हणजे जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरांहून अधिक. तेथे संगणक जोडून धुराच्या फिल्टरचा दाब मोजणारा सेन्सर खराब झाल्याचे सांगण्यात आले आणि तो बदलून ८,६५० रुपये घेण्यात आले. दिवाळीनंतर दिवा पुन्हा लागला. या वेळी ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप बदलली, २७,४०० रुपये. डिसेंबरात, तूर काढणीच्या ऐन घाईत, गाडी नेर रस्त्यावर बंद पडली, तिला टोचन करून अमरावतीला नेण्यासाठी ५,५०० रुपये आणि फिल्टर साफ करण्यासाठी ६,२०० रुपये मोजले. चौथ्या खेपेस सर्व्हिस ॲडव्हायजरने अख्खा फिल्टरच बदलावा लागेल असे सांगून १ लाख १२ हजारांचे एस्टिमेट हाती ठेवले, तेव्हा मी गाडी परत आणली. तोवर ४७,७५० रुपये खर्च झाले होते.

शेवटी दोष सापडला तो तालुक्याच्या ठिकाणी, एका साध्या गॅरेजमध्ये. मिस्त्र्याने गाडीखाली जाऊन फिल्टरपासून सेन्सरपर्यंत येणारा बोटाएवढा रबरी पाइप चाचपडून पाहिला आणि तो उंदराने कुरतडलेला निघाला. "भाऊ, सेन्सर खोटं बोलत नाही, त्याले हवाच खोटी भेटून रायली," असे तो म्हणाला. पाइपाचे आणि मजुरीचे मिळून साडेसहाशे रुपये झाले आणि तेव्हापासून दिवा लागलेला नाही.

सर्व्हिस सेंटरवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आमच्याकडे उंदरांचा सुळसुळाट होतो तो सोयाबीन घरात आल्यावर, आणि पहिला बिघाड त्याच्या आधीचा आहे. तेव्हा पहिल्या वेळी सेन्सर खरोखरच गेलेला असू शकतो. परंतु तो जुना सेन्सर मला परत मिळाला नाही, जॉब कार्डवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, "चेक लाइट येतो" यापलीकडे काही लिहिलेले नाही, आणि कोणती तपासणी करून कोणता भाग दोषी ठरवला याचा कागद माझ्याजवळ नाही. पाइप नेमका केव्हा कुरतडला गेला हे आता कोणालाच सांगता येणार नाही. वॉरंटीच्या काळात अशी अनिश्चितता असली तर ती कंपनीच्या खिशातून भागते आणि म्हणून कंपनी दुरुस्तीच्या दाव्याबरोबर पुरावा मागते, जुना भाग तपासते. वॉरंटी संपली की तीच अनिश्चितता ग्राहकाच्या खिशावर येते आणि पुरावा मात्र कोणी मागत नाही.

या बिघाडाचे मूळ थोडे आणखी मागे जाते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषणाच्या निकषांमुळे डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर आला. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी बराच वेळ सलग आणि बऱ्या वेगाने चालावी लागते, तरच धूर पुरेसा तापतो. खेड्यावरून तालुक्याला बारा किलोमीटर, तेही खड्डे चुकवत, मग बाजार समितीच्या फाटकाजवळ इंजिन चालू ठेवून अर्धा तास थांबायचे, अशा वापरात फिल्टर तुंबणारच. सर्व्हिस सेंटरने मला आठवड्यातून एकदा महामार्गावर गाडी पळवून आणण्याचा सल्ला दिला. काजळी जाळण्यासाठी कारंज्यापर्यंत जाऊन समृद्धी महामार्ग गाठायचा आणि त्यासाठी पुन्हा डिझेल जाळायचे, हे गणित मला अजून जमलेले नाही. गाडी विकताना मात्र ॲव्हरेज किती, कर्ज किती, एवढेच बोलले जाते. ती कोणत्या रस्त्यावर आणि किती अंतर चालणार आहे हे विचारले असते, तर मी कदाचित पेट्रोल गाडी घेतली असती.

आता कायद्याबद्दल. आमच्या भागात सर्रास असा समज आहे की वॉरंटी संपली म्हणजे बोलण्याची सोय संपली. तो चुकीचा आहे. वॉरंटी हे गाडीबद्दलचे वचन असते. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही स्वतंत्र सेवा आहे आणि तिच्यात त्रुटी असल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दाद मागता येते. तक्रार तक्रारदार राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करता येते, म्हणजे सेंटर अमरावतीत असले तरी मला यवतमाळलाच जाता येईल. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील लावण्याचीही सक्ती नाही, मात्र दोन वर्षांच्या मुदतीचे भान ठेवावे लागते. पक्के बिल न देणे हीसुद्धा या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, आणि हे आमच्या गॅरेजवाल्या मित्रांनीही ऐकून ठेवावे. काळी-पिवळी जीप स्वतः चालवून पोट भरणाऱ्यांना "तुमचा तर धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही" असे सांगून परतवले जाते. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेले वाहन असेल तर तेही ग्राहकच ठरतात. सुरुवात म्हणून १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

तरीही आयोगापर्यंत जाण्याची वेळ किती जणांनी आणि किती वेळा आणायची? दोष सुरुवातीलाच गावाजवळ सापडला असता तर माझे निम्मे पैसे वाचले असते. माझ्या मिस्त्र्याकडे स्कॅनर आहे, पण त्यावर बिघाडाचा क्रमांक तेवढा दिसतो. फिल्टर साफ करण्याची प्रक्रिया सुरू करणे किंवा गाडीला नव्या भागाची ओळख करून देणे यासाठी कंपनीची स्वतःची प्रणाली लागते आणि ती त्याला मिळत नाही. हा प्रश्न आजचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात येऊ न देण्याबद्दलच. ती उपलब्ध करून द्यावीत, असेही त्या आदेशात होते. प्रकरण पुढे अपिलांत गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटारींबरोबर शेतीची अवजारेही घेतली, ही चांगली गोष्ट आहे. पण पोर्टलवर माहिती असणे आणि दारव्ह्याच्या मिस्त्र्याच्या हाती चालणारे साधन असणे यांत अजून बरेच अंतर आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मोटारींच्या अनेक सुट्या भागांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचेही स्वागत केले पाहिजे; मात्र नको असलेला भाग १८ टक्क्यांनी घेतला तरी तो फुकटच जातो.

म्हणून ग्राहक व्यवहार आणि परिवहन या दोन्ही विभागांना माझी विनंती आहे की, वॉरंटीबाहेरच्या दुरुस्तीसाठी एक साधा नियम करावा. महागडा भाग बदलण्यापूर्वी कोणती तपासणी केली आणि काय आढळले ते जॉब कार्डवर मराठीत लिहून ग्राहकाची सही घ्यावी, काढलेला जुना भाग त्याने न मागताही त्याच्या हवाली करावा, आणि तीच तक्रार ठरावीक मुदतीत उलटून आली तर आधीच्या दुरुस्तीची रक्कम पुढच्या बिलातून वजा करावी. यातले शेवटचे कलम सर्व्हिस सेंटरना जाचक वाटेल, परंतु खरा परिणाम त्याचाच होईल, कारण त्यानंतर गाडीखाली जाऊन पाइप चाचपडून पाहणे हे भाग बदलण्यापेक्षा त्यांनाही स्वस्त पडेल. विस्तारित वॉरंटी घ्या, असा सल्ला मलाही अनेकांनी दिला. ती सहसा मूळ मुदत संपण्याआधी घ्यावी लागते आणि उंदराने कुरतडलेल्या पाइपाला ती लागू झाली असती, असे मला वाटत नाही.

मी सर्व बिलांच्या प्रती जोडून संबंधित सर्व्हिस सेंटरला स्पीड पोस्टाने पत्र पाठवले आहे आणि त्यात ईजीआर व्हॉल्व्हचे २७,४०० रुपये परत मागितले आहेत, सेन्सरचे मागितलेले नाहीत. काढलेला व्हॉल्व्ह खराब होता असे त्यांचे म्हणणे असेल, तर तो त्यांनी मला दाखवावा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत दिली असून त्यानंतर यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार आहे.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ