टॉवेलखाली वाळणारा कपडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पुरवणीत उन्हाळ्यात त्वचा कशी सांभाळावी यावर लेख होता, सुती सैल कपडे घाला, पाणी भरपूर प्या, घामोळ्यांना चंदन लावा, सगळं होतं त्यात. पण बायका जो कपडा दिवसाचे चौदा-पंधरा तास छातीला आवळून बसतात त्याचं साधं नावसुद्धा नव्हतं. ब्राबद्दल बोलतेय मी. छापताना संकोच वाटेल पण प्लीज छापा.

मी अकोल्याची, वय 54. इथं मे महिन्यात पारा 44-45 ला जातो. मागच्या उन्हाळ्यात मला छातीखालच्या घडीत लालभडक चट्टे उठले, आग आणि खाज इतकी की रात्र रात्र झोप नाही. दाखवायचं कुणाला म्हणून दोन महिने मेडिकलमधून ट्यूब आणून लावत राहिले, त्यात निघालं स्टेरॉइड, ते आणखीच पसरलं, पार पाठीपर्यंत. शेवटी त्वचेच्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, फंगल आहे, आणि लगेच विचारलं, ब्रा वाळत कुठे घालता? मी म्हटलं आतल्या खोलीतल्या दोरीवर, टॉवेलखाली. त्या म्हणाल्या इथं येणारी जवळजवळ प्रत्येक बाई हेच सांगते. ऊन लागत नाही, वारा लागत नाही, कपडा दमटच राहतो, तोच सकाळी अंगावर चढवायचा आणि वरून घाम. उन्हात वाळवा आणि घरी असाल तेव्हा घालूच नका, असं स्पष्ट सांगितलं त्यांनी.

आता घरी असताना घालू नका हे ऐकायला सोपं आहे. आमच्या दारामागे खिळ्याला एक ओढणी कायम लटकलेली असते, बेल वाजली की गाऊनवर ती घ्यायची आणि मग दार उघडायचं, सिलिंडरवाला असो की शेजारचा पोरगा. लग्न झाल्यापासून मी अशीच राहिले, आत ब्रा, वर गाऊन, त्यावर ओढणी, आणि समोर मिस्टर आणि दीर उघड्या अंगाने कूलरपुढे बसलेले. त्यांच्याबद्दल तक्रार नाही हो माझी, उकडतं तर बसणारच, पण उकडतं तर सगळ्यांनाच ना.

डॉक्टरांकडून आल्यावर मी घरातल्या बायकांशी पहिल्यांदा यावर मोकळं बोलले तर प्रत्येकीचं वेगळंच. सासूबाई 82 वर्षांच्या, आकोटकडच्या खेड्यातल्या, आयुष्यभर लुगडं आणि पुढे गाठ मारायची चोळी, त्यातच कापूस वेचला, त्यातच पोरं पाजली, ब्रा त्यांनी कधी घातलीच नाही आणि त्यांना हा विषय एवढा मोठा का तेच कळेना. जाऊबाई अंगाने भारी, त्या म्हणाल्या मला नाही जमणार बाई, अर्धा तास काढली तर पाठ आणि खांदे भरून येतात, शिवाय सुटं सुटं वाटतं. माझी एक मैत्रीण बँकेत आहे, तिचं कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, एका बाजूला आत पॅड भरलेली ब्रा घातल्याशिवाय ती गॅलरीतही येत नाही, तिचा तोच आधार आहे, तिला कुणी काढून टाक म्हणालं तर मी भांडेन. आणि मुलगी 24 वर्षांची, पुण्यात आयटीत, ती घरी कधीच घालत नाही आणि आता बाहेरही जाड कुर्ता असेल तर घालत नाही.

त्या मुलीला मी दोन वर्षांपूर्वी दिवाळीत पाहुण्यांसमोरून आत बोलावून रागावले होते. पाहुण्यांपैकी कुणी काही म्हणालं नव्हतं, कुणाचं लक्षही नसेल, मीच तिच्याकडे बघत बसले होते. ती गप्प आत गेली, घालून आली, आणि त्या दिवाळीला दोन दिवस आधीच निघून गेली. ते अजून मनात आहे माझ्या. आपण बायकाच एकमेकींवर पहारा ठेवतो, पट्टी दिसली तरी टोकतो आणि नाही दिसली तरी टोकतो.

2021 च्या जुलैमध्ये अभिनेत्री हेमांगी कवीने पोळ्या लाटतानाचा व्हिडिओ टाकला तेव्हा पोळ्या सोडून लोकांनी भलतंच बघितलं होतं, तिने मग घालायची की नाही हे जिचं तिने ठरवावं असं ठणकावून लिहिलं, तेव्हा मी सुद्धा हिला काय गरज होती असंच म्हणाले होते. केरळकडच्या जुन्या त्रावणकोर संस्थानात तर उलटं होतं, तिथल्या नाडार जातीच्या बायकांना छाती झाकायची होती आणि उच्च जातीचे लोक झाकू देत नव्हते, 1859 पर्यंत झगडावं लागलं त्यांना. झाकायचं असो की नसो, ठरवणारे दुसरेच.

व्हॉट्सअ‍ॅपवर ब्राने कॅन्सर होतो असं फिरतं ते मात्र खोटं आहे. अमेरिकेत सिअ‍ॅटलला 1,500 पेक्षा जास्त बायकांचा अभ्यास 2014 साली आला, त्यात किती तास घातली, तार होती का नव्हती, कशाचाही कॅन्सरशी संबंध सापडला नाही. आणि न घातल्याने सगळ्यांचं भलं होतं असंही नाही, फ्रान्सच्या ज्या डॉक्टरांनी 2013 मध्ये ब्राची गरज नाही म्हणून खळबळ उडवली त्यांनी स्वतःच सगळ्या बायकांना हा सल्ला देता येणार नाही असं बजावलं होतं. पळायला जाणाऱ्या मुलींना तर नीट मापाची लागतेच. पण माप घ्यायचं कसं हे तरी आपल्याला कोण सांगतं, दुकानात पुरुष असला की आपण हळू आवाजात आकडा सांगतो आणि पुडी पर्समध्ये कोंबून निघतो.

आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताईंना तेच चट्टे आहेत, तीच ट्यूब लावतायत त्या. म्हणून विनंती, मे संपायच्या आत एखाद्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडून यावर नीट लेख लिहून घ्या, फंगल, स्टेरॉइडच्या ट्यूबा, माप आणि वाळवणं, सगळं नाव घेऊन. पुरवणीत नको, मुख्य अंकात छापा, त्या ताईंकडे पुरवणी पोचत नाही, पोळ्या गुंडाळायला मुख्य अंकच जातो.

आपली एक वाचक,
अकोला