टेबल पण दबतं, खरंच

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू म्हणालीस ना, की बाबा, पुस्तक टेबलावर ठेवलं की टेबल त्याला वर ढकलतं हे मला पटतच नाही, लाकडाला काय कळतं किती ढकलायचं ते. मी हसून विषय बदलला, कारण खरं सांगू, मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग रात्री बॉलपेन उघडून त्यातल्या स्प्रिंगशी चाळा करत बसलो होतो तेव्हा डोक्यात आलं, म्हणून लिहितोय.

टेबल म्हणजे स्प्रिंगच आहे गं, फक्त भयंकर कडक. पुस्तक ठेवलं की ते दबतं, डोळ्यांना दिसणारच नाही इतकं कमी, आणि जसजसं दबतं तसतसं जास्त जोराने वर ढकलतं, पुस्तकाच्या वजनाएवढं झालं की तिथेच थांबतं. लाकडाला काही कळायची गरजच नाही. आतले अणू ठरावीक अंतरावर बसलेले असतात, जवळ आणले की एकमेकांना ढकलतात, लांब नेले की ओढतात, बस.

जेवढं ताणशील त्याच पटीत स्प्रिंग मागे खेचणार, हा इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकचा नियम. माणूस जरा संशयीच असावा, कारण 1676 मध्ये त्याने हा नियम सरळ न सांगता लॅटिन वाक्यातली अक्षरं नुसती वर्णक्रमाने लावून कोडं म्हणून छापला, म्हणजे शोध आपल्या नावावर पण दुसऱ्याला पत्ता नाही! उलगडा केला 1678 मध्ये: जसा ताण, तसं बल.

आता एक प्रश्न. स्प्रिंग मधोमध कापली तर अर्धी किती कडक? मी तुझ्या वयात असताना छातीठोकपणे 'निम्मी' म्हणालो होतो आणि सरांनी वर्गात माझी चांगलीच फिरकी घेतली होती. ती दुप्पट कडक होते. समज 10 वेटोळी आहेत आणि एका वजनाने स्प्रिंग 10 मिलिमीटर ताणली, म्हणजे प्रत्येक वेटोळ्याच्या वाट्याला 1 मिलिमीटर. तेच वजन 5 वेटोळ्यांना लाव, प्रत्येक वेटोळं 1 मिलिमीटरच सरकणार, एकूण 5. आणि गंमत म्हणजे स्प्रिंग ताणताना तिची तार लांब होत नाही म्हटलं तरी चालेल, तारेला पीळ बसतो. म्हणूनच वेटोळी तेवढीच, घेरही तोच ठेवून तार नुसती दुप्पट जाड घेतली तर स्प्रिंग 16 पट कडक होते.

तार सरळच ताणायची तर स्टीलचं बघ. 1 मीटर लांब, 1 चौरस मिलिमीटर आडव्या छेदाची तार, तिला 10 किलो टांगलं तर वाढते साधारण अर्धा मिलिमीटर, वजन काढलं की परत होती तेवढी. रबर त्या मानाने किती सहज ताणलं जातं! पण फिजिक्समध्ये स्टील रबरापेक्षा जास्त स्थितिस्थापक धरतात, कारण तेवढ्याच विकृतीसाठी, म्हणजे मूळ लांबीच्या मानाने तेवढंच ताणायला, त्याला कितीतरी जास्त बल लागतं, परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि हमखास चुकतो.

हे सगळं एका मर्यादेपर्यंतच हां. पेनची ती स्प्रिंग मी टोकं धरून जरा जास्तच खेचली, आधी छान परत येत होती आणि मग एकदा सोडली तर लांबच राहिली, वेटोळी विस्कटलेली. आत अणूंचे थर एकमेकांवरून सरकले की ते आपणहून जुन्या जागी येत नाहीत. पेन आता खटखट करतं पण रिफिल आत जात नाही, आईला सांगू नकोस, तिचंच आहे.

रबराचं गणित वेगळं, तिथे बल आणि ताण यांचा आलेख सरळ रेषेत येतच नाही. एक जाडसर रबरबँड घे, झटकन ताण आणि ताणलेलाच वरच्या ओठाला लाव. कोमट लागेल. मग तसाच थोडा वेळ धरून एकदम सैल सोड आणि परत ओठाला लाव, आणि काय जाणवलं ते रविवारी फोनवर सांग.

तुझा
बाबा