वहीतला हिशोब संगणकात नेण्यापूर्वी

मंगळवेढा, जि. सोलापूर

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

शेतीचा हिशोब येत्या १ एप्रिलपासून टॅलीमध्ये, म्हणजे संगणकावरच्या हिशोबाच्या प्रणालीत, लिहायचा हा तुझा बेत मला मनापासून मान्य आहे. मात्र पहिली नोंद करण्याआधी खाती कशी पाडायची हे आपण दोघांनी ठरवले पाहिजे.

आपल्या रोजमेळात, म्हणजे रोजच्या वहीत, जमा आणि नावे तारखेप्रमाणे लिहिले जाते, आणि खतावणी केली, म्हणजे त्या नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवल्या, की कृषी सेवा केंद्राची उधारी किती, कोणत्या मजुराकडे आगाऊ उचल किती, सोसायटीचे कर्ज किती भरायचे हे चोख कळते. विहिरीकडच्या डाळिंबाने आपला खर्च भरून काढला, की उसाच्या पैशावर ती बाग उभी राहिली, हे मात्र त्यातून कळत नाही. मला संगणकाकडून हे उत्तर हवे आहे.

अडचण अशी की शेतीचे वर्ष बँकेच्या वर्षाबरोबर चालत नाही. सालगड्याचे साल पाडव्याला बदलते. डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा बहार, धरायचा तर बाग डिसेंबरातच पाणी तोडून ताणावर सोडावी लागते. जानेवारीत छाटणी, शेणखत आणि पहिले पाणी, त्यानंतर फवारण्यांवर फवारण्या, आणि फळ उतरते ते जून ते ऑगस्टच्या सुमारास. म्हणजे खर्चाचा मोठा भाग ३१ मार्चच्या अलीकडे पडतो आणि पैसा पलीकडे येतो. आडसाली उसाचेही तसेच: जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला ऊस तुटायला १६ ते १८ महिने लागतात. नुसता मार्चअखेरचा नफातोटा पाहिला तर एका वर्षी बाग बुडीत दिसेल आणि पुढच्या वर्षी तीच सोन्याची वाटेल, आणि दोन्ही वेळा आपला निर्णय चुकेल. म्हणून प्रत्येक खर्चाला खात्याबरोबर कॉस्ट सेंटरही, म्हणजे तो खर्च कशासाठी झाला याची खूणही, लाव, आणि ते गट (जमिनीचा तुकडा) व बहार यांच्या नावाने कर, उदाहरणार्थ ‘विहीर बाग, आंबे बहार २०२७’. १०:२६:२६ या खताच्या दहा पोत्यांपैकी सहा बागेला आणि चार उसाला गेली, तर बिल एकच असले तरी खर्च दोन ठिकाणी पडला पाहिजे. कोणते पोते कोठे गेले हे तुझे अण्णा संध्याकाळी रानातून आल्यावरच सांगू शकतात, म्हणून त्यांच्या खिशातली छोटी वही बंद करू नकोस.

कांद्याच्या हिशोबपट्टीविषयी थोडे सविस्तर लिहिते. सोलापूरच्या मार्केट यार्डातून पट्टी येते तेव्हा तिच्यावर आधी पिशव्या, वजन, भाव आणि एकूण रक्कम असते, मग हमाली, तोलाई, मोटारभाडे वजा होऊन खाली हातात पडलेला आकडा असतो. वहीत आजवर तो खालचा आकडाच जमा धरला जातो. समज, माल ४०,००० रुपयांचा विकला गेला आणि हाती ३४,२०० आले. टॅलीत विक्री ४०,००० ची दाखव आणि ५,८०० ची वजावट ज्या त्या खात्यावर नावे टाक. मग कांदा भावाने गेला की भाड्याने, हे हंगामाच्या शेवटी स्पष्ट दिसेल.

ज्वारीबाबत माझा आग्रह आहे. आपली मालदांडी घरात खायला राहते आणि कडबा गोठ्यात जातो, बाजारात फारसे काही जात नाही. त्यामुळे नुसते रोख व्यवहार लिहिले तर ज्वारीचे रान दरवर्षी तोट्यात दिसेल आणि दूध मात्र फुकटच्या चाऱ्यावर नफ्यात दिसेल. काळ्या रानातली ज्वारी अशा कागदी तोट्यावरून कोणी मोडावी हे मला सहन होणार नाही. धान्य घरखर्चाला आणि कडबा गोठ्याच्या खात्याला त्या वेळच्या बाजारभावाने जर्नलमधून, म्हणजे रोकड न हलवता केलेल्या नोंदीने, वर्ग कर.

पीककर्जाची रक्कम उत्पन्नात धरू नकोस आणि मुद्दल फेडले तो खर्च समजू नकोस. खर्च फक्त व्याजाचा. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याजात सवलत मिळते, तेव्हा परतफेडीची तारीखही नोंदीत असू दे. ठिबकचा संच अनेक वर्षे चालतो, तो एकाच बहाराच्या माथी मारू नये. दुधाचा हिशोब मुळापासून वेगळा ठेव, कारण शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी दूधधंद्याचे तसे धरले जात नाही.

जुन्या वह्या संगणकात उतरवत बसू नकोस, त्यात महिने जातील. ३१ मार्चच्या शिलका तेवढ्या घ्यायच्या: हातातली रोकड, बँक, सोसायटीचे येणेदेणे, दुकानदारांची उधारी, मजुरांची उचल, शिल्लक खते-औषधे आणि जनावरे. उभ्या बहारावर आजवर झालेला खर्चही त्यातच येईल. तो मी वहीतून गटवार वेगळा काढते आहे. पहिला हंगाम वही आणि टॅली दोन्ही चालू राहतील, आणि दर महिन्याच्या शेवटी रोख शिल्लक दोन्हीकडे एकच आली पाहिजे. बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवायचा.

खात्यांची नावे मराठीतच असावीत, म्हणजे अण्णांनाही वाचता येतील. तू खात्यांची यादी करून पाठव. तिच्यावर गट आणि बहार लिहून मी लगेच परत पाठवते.

तुझी,
आई