चवथीच्या तयारीत ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावू नका

मा. संपादक महोदय,

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की आमच्याकडे घराघरात दुरुस्तीची कामं निघतात, छपराचे फुटलेले नळे (कौलं) बदला, रंग काढा, माटोळीची (गणपतीच्या वर फळं टांगायची) लाकडी चौकट बघा, आणि ऐन वेळेला मेस्त मिळत नाही म्हणून हल्ली पोरं स्वतःच ऑनलाइन मशीन मागवतात. यात वाईट काहीच नाही, मला तर आनंदच होतो, मी पण घरची कामं घरीच करतो. पण गेल्या वर्षी आमच्या वाड्यावरच्या एका मुलाने ४ इंची अँगल ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी ब्लेड लावलं, माटोळीची पट्टी कापत होता, मशीन उसळलं आणि डाव्या हाताची दोन बोटं कापली. टाके घातले, पण बोटं अजून नीट वळत नाहीत. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे.

ग्राइंडर मुळात लोखंड कापायला आणि घासायला. मिनिटाला ११-१२ हजार फेरे (आरपीएम). लोखंड कापायची डिस्क घासत घासत कापते, दातेरी ब्लेडचं तसं नाही, त्याचा दात लाकडात रुततो आणि मध्ये गाठ आली किंवा कापलेली फट मिटली की ब्लेड जागच्या जागी अडकतं आणि मग सगळा जोर उलटा फिरून मशीनच अंगावर येतं. लाकूड कापायच्या सर्क्युलर सॉला खाली बेस असतो, तो फळीवर टेकून राहतो, ग्राइंडर फक्त आपल्या मनगटावर. त्यात बऱ्याच मशीनना सरकवायचा स्विच, म्हणजे हातातून सुटलं तरी फिरतच राहतं. आणि मोठं ब्लेड बसत नाही म्हणून लोक गार्डच (ब्लेडवरचं झाकण) काढून टाकतात!! गार्ड काढल्याशिवाय बसत नाही ते ब्लेड त्या मशीनचं नाहीच, एवढं तरी ओळखा. डिस्कवर मॅक्स आरपीएम छापलेलं असतं, ते मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त पाहिजे. मधल्या रिंगवर एक्स्पायरीची तारीख पण असते, जुनी किंवा ओल लागलेली डिस्क फुटते, आणि आपल्या पावसात पडवीत ठेवलेल्या डिस्कला ओल लागणारच.

माटोळीच्या पट्ट्यांना खरं तर चांगली हातकरवत पुरते. वर्षातून दहा पट्ट्या कापायला मशीन लागत नाही. गोल काप घ्यायचे असतील तर जिगसॉ घ्या.

ड्रिलचंही तसंच. व्हिडिओत बघून लोक हॅमर मोड (ठोके देत भोक पाडायचा) लावतात, पण ते काँक्रीटसाठी. आमच्या जुन्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), चिरा मऊ आणि सच्छिद्र, हॅमरने भोक नरसाळ्यासारखं मोठं होतं आणि प्लास्टिकचा प्लग आत फिरत बसतो. मग दोष प्लगला. चिऱ्यात हॅमर बंद ठेवा, बिट अर्धा मिमी बारीक घ्या, प्लग आणि स्क्रू लांब घ्या. बीम, लिंटल किंवा स्लॅब असेल तिथे मात्र हॅमर पाहिजेच. माटोळीला नारळ, केळ्यांचे घड, तोरिंगं सगळं मिळून किती वजन होतं ते घरच्यांना माहीत आहे, तिचे हूक स्लॅबमध्ये नाहीतर वाशाला मारा, नुसत्या गिलाव्यावर भरवसा ठेवू नका, खाली गणपती असतो आणि मुलं बसलेली असतात.

विजेचंही सांगतो. भर पावसात ओल्या जमिनीवर एक्स्टेन्शन ओढून काम करतात, घरात ३० मिलीअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते कोणी बघत नाही. नसेल तर ड्रिल घ्यायच्या आधी तो बसवून घ्या. गॉगल लावाच, आणि फिरत्या मशीनजवळ सैल कापडी हातमोजे नकोत, ते गुंडाळले की हात आत ओढला जातो.

हार्डवेअरवाल्यांना कळकळीची विनंती, गिऱ्हाईक लाकडाचं ब्लेड मागायला आलं की कुठल्या मशीनला लावणार एवढं विचारा आणि ग्राइंडर म्हणाला तर देऊ नका. आणि आयटीआयच्या मास्तरांनी चवथीच्या आधी एखाद्या रविवारी पंचायतीच्या हॉलात मशीन हाताळून दाखवलं तर आमच्या वाड्यावरची वीस पोरं घेऊन यायची जबाबदारी माझी.

आपला,
एक वाचक, डिचोली