मजुराची मजुरी आणि न बदलणारा देव

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘मी परमेश्वर बदलणारा नाही’ हे बायबलमधील मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातील वचन धर्मविषयक लेखनात वारंवार येते आणि बहुतेक वेळा ते संकटात सापडलेल्या माणसाला धीर देण्यासाठीच असते. त्याला माझी हरकत नाही. मात्र लगतच्या आधीच्या वचनात मजुराची मजुरी दाबून ठेवणारे, विधवा व अनाथांना छळणारे आणि परक्याचा हक्क हिरावणारे हे जादूटोणा करणाऱ्यांच्या व खोटी शपथ वाहणाऱ्यांच्या पंक्तीला बसवलेले आहेत आणि त्यांच्याविरुद्ध देव स्वतः साक्ष देणार आहे. ही दोन वचने तोडून छापू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हिब्रू संदेष्ट्यांच्या दृष्टीने देवाचा विश्वासूपणा आणि गरिबाचा हक्क हे दोन वेगळे विषय नव्हतेच. इ.स.पू. आठव्या शतकात तकोवा येथील मेंढपाळ आमोस उत्तरेकडील इस्राएलच्या राज्यात गेला, तेव्हा तिथे सुबत्ता होती आणि वेद्यांपाशी गर्दीही होती. पण त्या वेद्यांजवळ लोक गरिबांकडून गहाण घेतलेल्या वस्त्रांवर पसरत असत, हे त्याने उघड बोलून दाखवले. मोशेच्या नियमानुसार गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करायचे होते, कारण ते नसेल तर तो माणूस रात्री काय पांघरणार, असा प्रश्न खुद्द नियमातच विचारलेला आहे. या आरोपापाठोपाठ आमोस लोकांना मिसर (इजिप्त) देशातील दास्यातून झालेल्या सुटकेची आठवण करून देतो. ज्याने दासांना सोडवले, तो दुबळ्यांच्या लुबाडणुकीकडे काणाडोळा कसा करील?

ज्यांचे वस्त्र असे काढून घेतले गेले, अशी माणसे खरोखर होती, याचा पुरावाही मिळाला आहे. आजच्या इस्राएलच्या किनाऱ्यावरील यावने-यामजवळच्या एका प्राचीन किल्ल्यात १९६० मध्ये इ.स.पू. सातव्या शतकातील शाईने लिहिलेला खापराचा तुकडा सापडला. आपण नेमून दिलेली कापणी पुरी करून धान्य साठवले, तरीही आपले वस्त्र काढून घेतले गेले, सोबतचे कापणी करणारे आपल्या बाजूने साक्ष देतील आणि ते वस्त्र परत मिळावे, अशी एका शेतमजुराची अधिकाऱ्याकडे केलेली ती तक्रार आहे.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील ३४व्या अध्यायातील प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमला (जेरुसलेमला) वेढा घातला असताना राजा सिद्कीया व प्रजेने मंदिरात, वासराचे दोन भाग करून त्यांमधून जात, करार केला आणि आपल्या हिब्रू दास-दासींना मुक्त केले. मिसरी सैन्य आल्यामुळे वेढा काही काळ उठला, तशी त्यांनी त्याच माणसांना पुन्हा गुलाम केले. यिर्मयाने याला केवळ दासांवरील अन्याय म्हटले नाही. देवाच्या नावाचा हा अवमान आहे, असे तो म्हणाला. स्वतः करार पाळणाऱ्या देवापुढे वाहिलेली शपथ त्यांनी, धोका टळला असे वाटताच, गरिबांच्या जिवावर मोडली होती.

बाबेलचे सैन्य परतले आणि इ.स.पू. ५८६ च्या सुमारास ते नगर पडले. त्याच उद्ध्वस्त नगराचा शोक बायबलमधील ‘विलापगीत’ या पुस्तकात आहे आणि देवाची दया रोज सकाळी नवी होते, त्याची सत्यता थोर आहे, हे लाडके वचनही तिथलेच आहे. पण त्याच कवितेत थोडे पुढे, देशातील बंदिवानांना पायाखाली तुडवणे आणि माणसाचा न्याय बुडवणे प्रभूला मान्य नाही, असेही स्पष्ट लिहिलेले आहे. ती ओळ मात्र प्रवचनांत किंवा लेखांत मी फारशी ऐकलेली-वाचलेली नाही.

आपला,
एक वाचक