तांबेऱ्याचे खापर एकट्या वाऱ्यावर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिकांवरील तांबेरा रोगाविषयी आपल्या वृत्तपत्रात अलीकडे जो मजकूर प्रसिद्ध झाला, त्याचा एकंदर सूर असा होता की या रोगाचे बीजाणू वाऱ्यावर उडतात, वाऱ्याला सीमा नसते आणि म्हणून एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या त्याच्या प्रसारापुढे कोणाचाच इलाज चालत नाही. यातील पहिली दोन विधाने खरी आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष पटण्याजोगा नाही.

तांबेरा पडलेल्या पानावरून बोट फिरवले की बोटाला पिवळसर किंवा विटकरी भुकटी लागते. ही भुकटी म्हणजेच बुरशीचे बीजाणू. एकेका बीजाणूची रुंदी मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाच्या आसपास असते आणि पानावरच्या एकाच पुळीतून दिवसाला हजारो बीजाणू बाहेर पडतात. मेक्सिको आणि टेक्सासमध्ये हिवाळा काढणारा गव्हाचा तांबेरा दक्षिणेकडच्या वाऱ्यांबरोबर टप्प्याटप्प्याने थेट कॅनडापर्यंत जातो, हे अभ्यासकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तरीही हा प्रवास वाटतो तितका सोपा नसतो. उन्हातील अतिनील किरणांनी बहुतेक बीजाणू वाटेतच मरतात. जे उरतात त्यांना नेमके जिवंत, रोगाला बळी पडणारे झाड मिळावे लागते आणि रुजण्यासाठी पानावर काही तास ओल टिकावी लागते.

वाऱ्याचा मार्ग किती ओळखता येतो, याचे उदाहरण म्हणजे १९९८ मध्ये युगांडात आढळलेली आणि पुढे ‘यूजी ९९’ या नावाने गाजलेली काळ्या तांबेऱ्याची जात. राय धान्यातून गव्हात आणलेल्या ज्या एका प्रतिकारक जनुकावर अनेक देशांतील वाण विसंबून होते, तेच तिने निष्प्रभ केले. ही जात २००१ मध्ये केनियात, २००३ मध्ये इथिओपियात, २००६ मध्ये सुदानमध्ये व तांबडा समुद्र ओलांडून येमेनमध्ये, तर २००७ मध्ये इराणमध्ये सापडली. दोन मुक्कामांमधला हा अवकाश वाया गेला नाही. गहू-शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी धोक्याची घंटा वाजवल्यानंतर केनियातील न्जोरो येथे निरनिराळ्या देशांचे गव्हाचे वाण मुद्दाम या रोगाच्या तोंडी देऊन तपासले गेले आणि जे टिकले त्यांवरून नवे वाण तयार करण्याचे काम सुरू झाले. वारा थांबवता आला नाही, पण तो कोणत्या दिशेने काय घेऊन निघाला आहे हे आधी कळले.

तथापि, वाऱ्याच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या काही प्रवासांत वाऱ्याचा हात मुळीच नसतो. ऑस्ट्रेलियात गव्हाचा पिवळा तांबेरा १९७९ पर्यंत नव्हता. त्या वर्षी तो व्हिक्टोरिया राज्यात दिसला आणि तपासात तो युरोपातील एका जातीशी जुळला. अर्ध्या पृथ्वीचे हे अंतर बीजाणूंनी एका दमात हवेतून कापले असेल हे संभवत नाही. कोणा प्रवाशाच्या कपड्यांना चिकटून ते विमानाने आले असावेत, असेच तज्ज्ञांचे मत पडले. पुढच्याच वर्षी हा रोग न्यूझीलंडमध्ये पोहोचला आणि मधला सुमारे २,००० किलोमीटरचा समुद्र मात्र त्याने वाऱ्यावरच ओलांडला. पुन्हा २००२ मध्ये, तोवर या रोगापासून मुक्त असलेल्या पश्चिम ऑस्ट्रेलियात एक निराळीच जात आढळली. ती देशाच्या पूर्व भागातील जातींशी जुळत नव्हती, उत्तर अमेरिकेतील जातीशी जुळत होती, आणि वर्षभरात ती पूर्वेकडेही पसरली. दोन्ही वेळा लांबची उडी माणसाने मारून दिली आणि पुढचा पल्ला वाऱ्याने गाठला.

जिवंत रोपांची ने-आण ही तर याहून उघड वाट आहे. पांढऱ्या पाइनचे झाड मूळचे उत्तर अमेरिकेचे. पण गेल्या शतकाच्या प्रारंभी त्याची रोपे युरोपातील रोपवाटिकांत स्वस्त पडतात म्हणून तेथून मागवली गेली. या पाइनवर पडणाऱ्या तांबेऱ्याची बुरशी सालीखाली काही वर्षे गुपचूप वाढते, त्यामुळे रोपे वरून धडधाकट दिसत. १९१० मध्ये फ्रान्समधून व्हँकुव्हरला गेलेल्या एका खेपेबरोबर हा तांबेरा पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि तो तेथे आहे हे कळायला १९२१ साल उजाडले. अमेरिकेने १९१२ मध्ये वनस्पती संगरोधाचा, म्हणजे रोगट रोपे देशात येण्यापासून रोखण्याचा, कायदा केला, त्यामागे हा रोगही एक कारण होता; अर्थात कायदा येईपर्यंत रोग घरात शिरला होता.

कॉफीच्या तांबेऱ्याचे मात्र अजूनही कोडेच आहे. १८६९ मध्ये तत्कालीन सिलोनमध्ये नोंदला गेलेला आणि तेथील कॉफीच्या मळ्यांच्या जागी चहा आणणारा हा रोग १९७० मध्ये ब्राझीलच्या बाहिया राज्यात आढळला. तो आफ्रिकेतून अटलांटिकवरच्या वाऱ्यांनी आला की माणसांच्या सामानातून, यावर आजही एकमत नाही. आता बुरशीच्या जनुकीय तपासणीने अशा वादांचा बराच उलगडा होऊ शकतो. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठाच्या केंद्रात निरनिराळ्या देशांतून आलेले तांबेऱ्याचे नमुने तपासले जातात. इथिओपियात शेतांतील नोंदी आणि हवामानाचे अंदाज एकत्र करून बीजाणू कोठे जातील याची पूर्वसूचना दिली जाते. हे सारे चालते ते कोणीतरी वेळेवर नमुना पाठवतो म्हणून.

येथेच खरी अडचण आहे. रोग आढळला असे जाहीर केल्यास आपला माल इतर देश अडवतील, या भीतीने नोंद दडपण्याचा मोह कोणत्याही सरकारला होऊ शकतो. वास्तविक गव्हाचा तांबेरा दाण्याच्या आत राहून पसरत नाही; तो जिवंत हिरव्या झाडावरच वाढतो. त्यामुळे प्रामाणिकपणे नोंद करणाऱ्या देशाचे धान्य रोखणे शास्त्राला धरून नाही आणि असे निर्बंध लादणारे देश पुढची खबर आपणच बंद करून घेतात. याउलट रोपे, कलमे आणि परदेशी शेतांना भेट देऊन येणाऱ्यांचे कपडे व बूट यांच्याकडे विमानतळांवर आणि बंदरांवर आजच्यापेक्षा कितीतरी अधिक लक्ष हवे. शेतावर वापरलेले कपडे परतण्यापूर्वीच धुवावेत, ही सूचना तिकिटाबरोबर छापून देण्यास फारसा खर्च येणार नाही, आणि तिची सर्वांत जास्त गरज शेतीशास्त्राच्या अभ्यासदौऱ्यांवर जाणाऱ्या आमच्यासारख्यांनाच आहे.

आपला,
वनस्पतिरोगशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक