काठी येतेय, परत पाठवू नका

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

बाबा, काठी कुरिअरने निघाली. विचारलं असतं तर 'नको' म्हणाला असतात, म्हणून विचारलंच नाही. दादालाही पसंत आहे.

छत्री आहे की, म्हणू नका. मार्गशीर्षातल्या कोरड्या उन्हात छत्री कशाला लागते, हे अख्ख्या शनिवार पेठेला कळलंय. तिचं टोक लोखंडी, फरशीवर सर्रकन सरकतं. शिवाय ती आखूड. राजवाड्यावर गेलो तेव्हा मी मुद्दाम मागून चालले, तुम्ही पार उजवीकडे कलता. ही काठी ॲल्युमिनियमची, हलकी, खाली रबराचं बूच. खटका दाबून पुढच्या भोकात सरकवली की उंची बदलते. आई, माप तू घे. बाबांना रोजच्या चपला घालून, हात सैल सोडून उभं कर. मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी, म्हणजे धरल्यावर कोपर जरासं वाकतं.

दुखतो उजवा गुडघा, म्हणून काठी डाव्या हातात. उलटं वाटेल, पण उजवं पाऊल टाकताना डावा हात आपसूक पुढे येतोच. दोन्ही एकदम टेकले की गुडघ्यावरचा थोडा भार काठी घेते. जिना चढताना आधी डावा पाय, उतरताना आधी काठी आणि उजवा. दुसरा हात कठड्यावर.

म्हातारे झालात असं कोण म्हणतंय? मंगळवार तळ्यापर्यंतचा फेरा, कट्ट्यावरच्या गप्पा, काही बंद करायचं नाही. ते चालू राहावं म्हणूनच हा खटाटोप. सज्जनगडाच्या पायऱ्या मला खांद्यावर घेऊन चढायचात, आठवतं? शेजघरात समर्थांची कुबडी तुम्हीच दाखवली होतीत. तिच्यापुढे हात जोडता, मग स्वतःच्या काठीची लाज कसली हो?

रबर झिजून गुळगुळीत झालं की लगेच बदला, एक जादा डब्यात घातलंय. मोरीतल्या ओल्या फरशीवर मात्र काठीच्या भरवशावर जायचं नाही. तिथे भिंतीला धरायला दांडी बसवायची आहे, प्लंबर रविवारी येईल. पैसे मी दिलेत, त्याच्याशी घासाघीस नको. आणि आई, दारातलं ते दुमडणारं पायपुसणं आजच उचल. चांगलं आहे, चांगलं आहे म्हणत ठेवू नकोस.

तुमची
चिमी